पोराची आणि पोरीची गाडी एकच, मग आतलं सामान वेगळं कसं?

माहुलीकर

नमस्कार मंडळी. मी सातारचा, संगम माहुलीकडचा. एसटीच्या कार्यशाळेत ३३ वर्षं काढली, आता निवृत्त. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

मुलगी आणि जावई जर्मनीत ब्राउनश्वाइगला असतात. मुलगा आणि सून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात कॅरी म्हणून गाव आहे तिथं. दोन्ही घरांत २०१९ ची फोक्सवॅगन टिग्वान. एकमेकांना विचारून घेतली नव्हती, तसं जमून आलं. गेल्या वर्षी मुलाकडं दोन महिने राहिलो, यंदा मुलीकडं सहा आठवडे. दोन्हीकडं वही घेऊन गाडीभोवती फिरलो, बॉनेट उघडलं, डिकीतला गालिचा उचलून बघितला. नाव एक, बिल्ला एक, पण गाड्या दोन निघाल्या.

पहिलं म्हणजे मापच वेगळं. मुलाच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर चांगलं ११ सेंटीमीटर जास्त. त्यात मागं तिसरी रांग, नातवंडांपुरती. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आणि आठ गिअरचं ऑटोमॅटिक, दुसरं काही मागितलं तरी तिथं मिळत नव्हतं म्हणाला. मुलीच्या गाडीत दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि हातानं टाकायचे सहा गिअर. मुलाला मागचा कॅमेरा, गरम होणाऱ्या सीटा, विजेवर सरकणारी ड्रायव्हरची सीट हे सगळं त्या मॉडेलातच आलं. मुलीला कॅमेरा नाही, नुसते वाजणारे सेन्सर. सीटा गरम होतात, पण त्याचे पैसे वेगळे मोजलेत. ट्रेलर ओढायचा हूकही वेगळ्या पैशांचा. तो हूक मात्र बघण्यासारखा आहे. डिकीत खटका ओढला की बंपरखालून लोखंडी मान वळून बाहेर येते, ती कट्ट असा आवाज येईपर्यंत ढकलून बसवायची. आमच्या वर्कशॉपात असं काम बघितलं असतं तर सगळे गोळा झाले असते.

आता दिव्यांचं. जावईबापूंनी एका संध्याकाळी मागचा धुक्याचा दिवा लावून दाखवला. डाव्या बाजूला एकच लालभडक दिवा पेटला. मला वाटलं उजवीकडचा बल्ब गेला. ते म्हणाले, नाही, तो एकच असतो, ड्रायव्हरच्या बाजूला. तिथं कायदा असा की धुक्यामुळं ५० मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं तरच तो लावायचा, आणि मग गाडीही ताशी ५० किलोमीटरच्या वर न्यायची नाही. ५० मीटर ओळखायचे कसे, तर गावाबाहेरच्या रस्त्याकडेला पांढरे खुंट रोवलेले असतात, दोन खुंटांमधलं अंतर बरोबर ५० मीटर. पुढचा खुंट दिसेना झाला की दिवा लावायचा. मला ही गोष्ट फार आवडली. डिकीत त्रिकोण, औषधाची पेटी आणि भडक रंगाचं जाकीट, तेही कायद्यानंच.

सुनेकडं टोयोटाची कॅमरी आहे. तिला मागं धुक्याचा दिवाच नाही. हेडलाईट वर-खाली करायचं ० ते ३ आकड्यांचं चाक आपल्याकडं असतं, तेही नाही. पण तिच्या डिकीत आतल्या बाजूनं एक छोटी मूठ लोंबते, अंधारात हिरवट चमकते, आणि तिच्यावर डिकीतनं उडी मारून पळणाऱ्या माणसाचं चित्र. ती कशाला, हे तिलाही सांगता आलं नाही. आणि शेजाऱ्याचा फोर्ड एफ-१५० पिकअप वळताना त्याचा लाल ब्रेक लाईटच उघडझाप करायचा. केशरी इंडिकेटर नाहीच. पहिल्यांदा मी त्याला वायरिंग बघून घ्या असं सांगायला निघालो होतो, मुलानं थांबवलं.

एवढं का लिहितोय, तर तीन वर्षांपूर्वी जुलैत महाबळेश्वरवरनं मेढ्याकडं उतरत होतो. केळघरच्या घाटात ढग असा खाली आला की बॉनेटची कड दिसेना. मी अगदी हळू. मागं दुधाचा टेम्पो होता, त्याचे ब्रेक लागले ते माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर. खाली उतरून बघितलं तर माझे मागचे दिवे चालू होते, पण ओलसर पांढऱ्यात ते काजव्याएवढे दिसत होते. गाडीत आमची ही होती, मुलीचं लहान पोर होतं. त्या टेम्पोवाल्याचा मला राग आला नाही. त्याला मी दिसलोच नव्हतो.

दिवाळीला गाडी बदलायची आहे. शोरूमवाले पडदा किती इंचाचा आणि छत उघडतं का हेच सांगतात. म्हणून जाणकारांना विचारतो. एकच कंपनी एकाच नावाच्या गाडीत दोन देशांत वेगळं सामान का घालते? मुलगी फसली की मुलगा? आणि आपण काय बघून घ्यावं?


रोज_पुणे_सातारा

काका, सरळ आहे. अमेरिकेत स्पर्धा जास्त, गाड्या स्वस्त, म्हणून सगळं भरून देतात. युरोपात प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे काढतात. तुमची मुलगी फसली असं मी म्हणेन. धुक्याच्या दिव्याचं कारण मला ठाऊक नाही, पण लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. आमचाही रोजचा खंबाटकी आहे.


वेण्णेकाठची

माहुलीकर काका, नमस्कार. माझं माहेर शाहूपुरीतलं. चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात ११ वर्षं गुणवत्ता विभागात आहे. तुमच्या वहीतल्या निम्म्या गोष्टी रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते. मुलगी फसली या मताशी मी मुळीच सहमत नाही.

जगात गाड्यांच्या कायद्याची दोन मोठी पुस्तकं आहेत असं समजा. एक संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारातनं आलेलं. युरोप त्यानं चालतो. तिथं गाडी आणि तिचा प्रत्येक दिवा, आरसा, पट्टा आधी सरकारी मान्यतेच्या चाचणीतनं पास व्हावा लागतो, मग विक्री. दुसरं पुस्तक अमेरिकेचं स्वतःचं. अमेरिका त्या १९५८ च्या करारात नाही. तिथं कंपनी स्वतःच लिहून देते की आमची गाडी नियमात बसते. सरकार नंतर बाजारातनं गाडी उचलून तपासतं, चूक निघाली तर गाड्या परत बोलावायला लावतं. भारत १९५८ च्या करारात नाही, १९९८ च्या दुसऱ्या करारात २००६ पासून आहे. पण आपले दिव्यांचे नियम बऱ्याच अंशी युरोपच्या वळणाचे आहेत. म्हणून तुम्हाला जर्मनीतली गाडी ओळखीची वाटली आणि अमेरिकेतली परकी.

शेजाऱ्याच्या पिकअपचं वायरिंग ठणठणीत होतं. अमेरिकेच्या १०८ क्रमांकाच्या मानकात मागचा इंडिकेटर लाल किंवा केशरी कुठलाही चालतो, आणि लाल असला तर ब्रेकचाच दिवा उघडझाप करू शकतो. युरोपात केशरीच हवा, आपल्याकडंही. आमच्याकडं मागच्या दिव्याची काच म्हणजे खरं तर ॲक्रिलिक असतं, लाल, पारदर्शक आणि केशरी असे रंग एकाच साच्यात पाठोपाठ ओततात. रंग एक कमी झाला की साच्याचा एक टप्पा कमी, एक बल्ब कमी, एक वायर कमी. नग लाखोंनी निघतात तेव्हा तो पैसा मोठा होतो. शिवाय तिथल्या डिझाइनवाल्यांना सलग लाल दिवा देखणा वाटतो. अमेरिकेच्याच वाहतूक सुरक्षा खात्यानं २००९ मध्ये अभ्यास करून सांगितलं की केशरी इंडिकेटरमुळं वळताना मागनं बसणाऱ्या धडका सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतात. तरी नियम बदललेला नाही. हे मला खरंच खटकतं.

याच्या उलटही आहे. मुलाच्या गाडीला पुढच्या कोपऱ्यावर बाजूनं दिसणारा केशरी दिवा आणि मागच्या कोपऱ्यावर लाल दिवा असेल. तो तिथं १९७० पासून सक्तीचा आहे, रात्री आडव्या रस्त्यावरनं येणाऱ्याला गाडीची लांबी कळावी म्हणून. युरोपात छोट्या गाड्यांना तशी सक्ती नाही, तिथं बाजूला इंडिकेटर हवा. आता एकच दिवा दोन्हीकडं चालेल असा बनवता येतो का, तर येतो, पण आमच्या रॅकवर बहुतेक वेळा एकाच गाडीचे दोन साचे शेजारी शेजारी असतात. काचेच्या कोपऱ्यात नखाएवढी खूण कोरलेली असते. युरोपच्या दिव्यावर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा, १ म्हणजे जर्मनीनं मान्यता दिली, ४ म्हणजे नेदरलँड्सनं. अमेरिकेच्या दिव्यावर एसएई (तिथल्या इंजिनियरांची मानकं ठरवणारी संस्था) आणि डीओटी (तिथलं वाहतूक खातं). माझं कामच ती खूण तपासण्याचं. चुकीच्या खुणेची पेटी चुकीच्या जहाजावर गेली तर अख्खी खेप परत येते.

ते ० ते ३ चं चाक. डिकीत वजन टाकलं की गाडी मागं बसते, पुढचं नाक वर होतं, आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. युरोपात म्हणून दिव्याचा झोत खाली घ्यायची सोय हवीच. अमेरिकेत सक्ती नाही. काका, तुम्ही कोरेगावहून घेवड्याची पोती आणताना ते चाक २ वर ठेवता का? बहुतेक लोकांनी ते कधी फिरवलेलंच नसतं. जितका आकडा मोठा तितका झोत खाली. हे कृपा करून सगळ्यांनी वाचा.

डिकीतली चमकणारी मूठ. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन वेगवेगळ्या ठिकाणी खेळता खेळता मुलं डिकीत अडकली आणि ११ मुलं गेली. त्यानंतर सप्टेंबर २००१ पासून कॅमरीसारखी वेगळी बंद डिकी असलेल्या प्रत्येक नव्या गाडीत आतनं उघडणारी, अंधारात दिसणारी मूठ सक्तीची झाली. सूनबाईंना सांगा, नातवाला ती ओढायला शिकवा, दोन मिनिटांचं काम आहे. मागच्या कॅमेऱ्यामागंही असंच दुःख आहे. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक बालरोगतज्ज्ञ स्वतःच्या घराच्या आवारात गाडी मागं घेत होते आणि त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली आला. कॅमरून त्याचं नाव. त्याच्या नावानं २००८ मध्ये कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा आला. म्हणून मुलाला तो आपोआप मिळाला. २०१९ मध्ये युरोपात त्याची सक्ती नव्हती, म्हणून मुलीला मिळाला नाही. कंपनीनं एकाला लाडानं दिलं आणि दुसऱ्याला नाकारलं असं काही नाही.

एअरबॅगचंही वेगळं आहे. अमेरिकेत पट्टा न लावलेल्या माणसालाही एअरबॅगनं वाचवावं अशी चाचणी आहे. तिथं पट्ट्याचा कायदा प्रत्येक राज्याचा निराळा, न्यू हॅम्पशायरमध्ये तर मोठ्या माणसाला आजही सक्ती नाही. त्यामुळं तिथल्या एअरबॅगा मोठ्या आणि गुडघ्यासमोरचा भाग जाड. युरोपातली धडक चाचणी पट्टा बांधलेल्या पुतळ्यावर होते. बाहेरनं दोन्ही डॅशबोर्ड सारखे दिसतात, पण आतलं काम एक नाही.

आरसा बघितलात का? मुलाच्या गाडीचा ड्रायव्हरकडचा आरसा अगदी सपाट असणार, तिथं तसा नियम आहे. मुलीच्या गाडीत बाहेरच्या कडेला एक उभी रेघ असेल, तिच्यापलीकडचा भाग जास्त वाकवलेला. त्या पट्ट्यात शेजारच्या लेनमधली दुचाकी दिसते. मला दोन्हींतला कुठला हवा विचाराल तर रेघेचा.

मागच्या धुक्याच्या दिव्याबद्दल मुद्दाम शेवटी लिहिते. युरोपात तो सक्तीचा, अमेरिकेत ऐच्छिक. साधा मागचा दिवा आणि धुक्याचा दिवा यांच्या उजेडात फार मोठा फरक असतो, धुक्याचा जवळपास ब्रेकच्या दिव्याइतका किंवा त्याहून तेज. म्हणून तो सूर्यप्रकाशात किंवा नुसत्या पावसात लावायचा नाही, मागच्याचे डोळे दिपतात आणि त्याला तुमचा ब्रेक कळत नाही. पण केळघरात, आंबेनळीत, कासच्या पठारावर जुलै-ऑगस्टात त्याच्यासारखं काही नाही. पुढच्या धुक्याच्या दिव्यांनी तुम्हाला रस्ता दिसतो. तुम्ही कुणाला दिसता ते या मागच्या दिव्यानं.


कराडचा_कृष्णाकाठ

ताईंनी कायद्याची बाजू इतकी छान मांडली की मी फक्त पैशांची लिहितो. मूळचा कराडचा, नऊ वर्षं हानोफरला आहे.

काका, अमेरिकेतल्या किमतीवर विक्रीकर नसतो, तो बिल करताना चढतो. जर्मनीत पाटीवरच्या किमतीत १९ टक्के कर आधीच धरलेला असतो. दोन आकडे शेजारी ठेवून मुलीची गाडी महाग म्हणणं बरोबर नाही.

दुसरं, विकण्याची रीत. अमेरिकेत माणूस शनिवारी डीलरच्या मैदानात जातो, उभ्या गाड्यांतली एक निवडतो आणि संध्याकाळी घरी घेऊन येतो. मैदानात शंभर गाड्या उभ्या करायच्या तर शंभर प्रकार करून चालत नाही. म्हणून चार-पाच ठरलेल्या पायऱ्या, टिग्वानला तेव्हा एस, एसई, एसईएल अशा, आणि प्रत्येक पायरीत सामान ठासून भरलेलं. आठ गिअरचं ऑटोमॅटिकच का, तर हाताच्या गिअरची गाडी मैदानात धूळ खात पडते. खिडकीला लावलेल्या कागदावर प्रत्येक वस्तू आणि किंमत छापलेली असते, १९५८ च्या कायद्यानं. ज्यांनी तो आणला त्या सिनेटर मन्रोनींच्या नावानंच तो कागद ओळखला जातो. तुमच्या मुलानं तो फाईलला लावून ठेवला असेल तर जरूर वाचा, गाडी आणि तिचं इंजिन कुठं बनलं तेही त्यावर असतं. त्याची टिग्वान मेक्सिकोत पुएब्लाला बनलेली असणार.

जर्मनीत लोक गाडी मागवून घेतात. ट्रेंडलाईन, कम्फर्टलाईन, हायलाईन अशा पायऱ्या होत्या, पण त्याच्यापुढं जाड पुस्तकाएवढी ऐच्छिक सामानाची यादी. ज्याला हूक हवा त्यानं हूक घ्यावा, ज्याला गरम सीट नको त्यानं सोडावी. काही महिने थांबायचं आणि मग गाडी येते. वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या कारखान्यालगत काचेचे दोन गोल मनोरे आहेत, प्रत्येकी २० मजले आणि ४०० गाड्या. तुमची गाडी तिथल्या लिफ्टवरनं खाली येते. मी माझी तिथनंच आणली. आईबाबा सोबत होते. लिफ्ट खाली येताना आईनं हात जोडले ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. नारळ कराडहून आणला होता, तो मात्र बाहेर रस्त्यावर फोडला.

अजून एक. जर्मनीत नव्या गाड्यांतल्या साधारण दोन तृतीयांश गाड्या कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात. नोकरदाराला कंपनीची गाडी खासगी वापरायला मिळाली की गाडीच्या यादीतल्या किमतीच्या १ टक्का रक्कम दर महिन्याला त्याचं उत्पन्न धरून कर लागतो. वरचं सामान निवडताना लोक त्या हिशोबानं निवडतात. त्यातनंही ती लांबलचक यादी टिकून आहे.

पण सगळंच कायद्यानं आणि रीतीनं होतं असंही नाही, कंपनी हातचं राखते तेही सांगायला हवं. फोक्सवॅगनचीच २०११ ची जेट्टा आठवा. अमेरिकेत ती १५,९९५ डॉलरपासून सुरू केली. त्या किमतीला पोचायला तिथल्या साध्या गाडीत जुनं ११५ अश्वशक्तीचं दोन लिटरचं इंजिन घातलं, मागं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आणि स्वतंत्र सस्पेन्शनऐवजी साधा टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी एक आडवी तुळई. युरोपात त्याच नावाच्या गाडीला मागं मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन. नंतर अमेरिकेतल्या गाडीलाही मल्टिलिंक दिलं. एसटीवाल्या माणसाला यातला फरक मी सांगायची गरज नाही. म्हणून माझं मत, सीटेच्या कापडाकडं बघून गाडी जोखू नये, वाकून मागचा ॲक्सल बघावा.

आणि आता वारं फिरलंय. जुलै २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक, लेन सांभाळणारी यंत्रणा, वेगमर्यादा ओलांडली की सूचना, मागं घेताना अडथळा कळणं हे सगळं सक्तीचं आहे. वेगाची सूचना बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताना पुन्हा चालू. अमेरिकेत आपोआप ब्रेकची सक्ती सप्टेंबर २०२९ पासून करायचं २०२४ मध्ये ठरलं होतं. म्हणजे आजच्या घडीला तुमची मुलगी नवी गाडी घेईल तर तिला यादीत न मागताही बरंच मिळेल.


मिरजेचा गॅरेजवाला

माहुलीकर काका, रामराम. माझं मिरजेत गॅरेज आहे, कुपवाड एमआयडीसीतल्या कामगारांच्या गाड्या जास्त येतात. ताईंनी लिहिलेलं वाचलं आणि मला बोलल्याशिवाय राहवेना.

गेल्या वर्षी एक पोरगा आला, मागनं ट्रॅक्टरनं ठोकलेलं. गाडी नवी, पोरगं चांगलं. बघतोय तर मागचे दोन्ही दिवे काढून अमेरिकेच्या धाटणीचे लाल-काळे दिवे बसवलेले, कुठल्या तरी दुकानातनं ऑनलाईन मागवलेले. केशरी इंडिकेटर गेला, लाल उघडझाप. वर काळी फिल्म. उसाच्या हंगामात रात्री तासगाव रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागं-पुढं असतोय आपण. ट्रॅक्टरवाला म्हणाला, हा वळतोय का ब्रेक मारतोय ते मला कळलंच नाही. तो खोटं बोलत नव्हता. पोराचा हात मोडला, वर्षाची परीक्षा गेली.

तेव्हापासनं मी माझ्याकडं असं काम घेत नाही. लोक चिडतात, दुसरीकडं करून घेतो म्हणतात. घ्या म्हणतो. तिकडं लाल चालतो कारण तिकडच्या माणसाची नजर लहानपणापासनं त्याला बसलीय. आपल्या माणसाला केशरी म्हणजे वळणार आणि लाल म्हणजे थांबणार एवढंच कळतं, आणि अंधारात अर्ध्या सेकंदात एवढंच कळायला पाहिजे.

काका, नवी गाडी घेताना शोरूमच्या माणसाला सांगा, गाडी अंधारात उभी करा, सगळे दिवे लावा, आणि तुम्ही ५० पावलं मागं जाऊन बघा. त्यांना वेळ नसला तर तिथनं उठून या.


माहुलीकर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं लिहिलेलं मी छापून घेतलं आणि हिला वाचून दाखवलं. डिकीतल्या मुठीचं वाचताना ती मध्येच उठून आत गेली. रात्री सुनेला फोन केला. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाकडनं ती मूठ ओढून घेतली, फोनवर दाखवली. पाच वर्षांचा आहे, पहिल्याच झटक्याला उघडली.

रोज_पुणे_सातारा, तुम्ही काळजीपोटीच लिहिलंत हे समजलं, पण मुलगी फसलेली नाही हे आता पटलं. तिला जे लागतं ते तिनं घेतलंय, हूकसुद्धा सायकली बांधायला लागतो.

काल संध्याकाळी माझ्या गाडीच्या दिव्यांवर टॉर्च मारून बघितलं. पुढच्या दिव्याच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात गोलात ई, पुढं ४. एवढी वर्षं गाडी पुसताना त्याच्यावरनं फडकं फिरवलं, कधी बघितलं नव्हतं. मागं धुक्याच्या दिव्याची जागा बंपरमध्ये आहे, उजवीकडं, पण आत बल्ब नाही, वायर नाही, नुसती लाल काच. माझं मॉडेल खालचं होतं, वरच्यात दिवा येत असणार. म्हणजे केळघरात त्या दिवशी माझ्या मागं लाल काच होती, उजेड नव्हता.

हेडलाईटचं चाक ० वरच होतं. काल घरापुढं चौघांना मागं बसवून आणि डिकीत दोन पोती ठेवून समोरच्या भिंतीवर झोत बघितला. खडूनं रेघ मारली. ० वर झोत रेघेच्या हातभर वर गेला, २ वर परत रेघेवर आला. खडूची रेघ पुसू नका असं घरात सांगितलंय.

गॅरेजवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच करणार. मंगळवारी पोवई नाक्यावरच्या शोरूममध्ये संध्याकाळी सातनंतर जातोय, उजेड असताना गेलो तर उपयोग नाही. ताई, एकच विचारायचं राहिलं. ज्या मॉडेलात मागचा धुक्याचा दिवा येत नाही त्याला नंतर कंपनीचाच दिवा, तुमच्या खुणेचा, वायरिंगसकट बसवून मिळतो का? बटण आणि फ्यूजची जागा आत असते का ते सांगा, म्हणजे मंगळवारी तेही उघडून बघतो.


वेण्णेकाठची

काका, काही गाड्यांत वायरिंग आधीच टाकलेलं असतं आणि नुसता बल्ब-होल्डर आणि बटण लागतं, काहींत काहीच नसतं. डिकीच्या आतलं उजवीकडचं प्लास्टिकचं झाकण काढून बघा. टेपनं गुंडाळलेला, कशालाच न जोडलेला एक कनेक्टर लोंबत असेल तर तुमचं काम सोपं आहे. नसेल तर वरचं मॉडेल घ्या, बाकीचं काही कमी केलंत तरी चालेल. कनेक्टरचा फोटो काढून इथं टाका, मी सांगते.